भिंतीवरचं दोन पॉइंट तीन

मल्लू,

तुझ्या गॅरेजच्या शेडमध्ये बसलेय. माझीच ती निळी प्लास्टिकची खुर्ची, जिच्यावर तू दुसऱ्या कुणाला टेकू दिलं न्हाईस. "अक्काची हाय ती, तिकडं टायरावर बस," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचास. तुला मातीत ठेवून आज अकरा दिवस झाले. शाळेत मी शुद्ध बोलते, फळ्यावर शुद्ध लिहिते. तुझ्याशी तसं कधी बोलले न्हाई, मग आता कामून लिहू. तू हसशील अशी भाषा लिहिण्यात काय अर्थ हाय. हसायला तू न्हाईस, ती गोष्ट वेगळी.

गाडी समोर उभी हाय. सरकारी लिलावातून आणलेली जुनी पांढरी गाडी, आत एका मोडक्या जीपचं मोठं इंजिन, मागच्या चाकांवर चालणारी. तिला तू 'मॅडम' म्हणायचास. शाळेत पोरं मला बी मॅडम म्हणतात, त्यावरून मी चिडले तर म्हणलास, "दोघी बी कुणाचं ऐकत न्हाईत, मग नाव एकच असू दे की." तिच्या मागच्या भिंतीवर तू खडूनं लिहिलेलं २.३ अजून तसंच हाय, भोवतीच्या गोलासकट. त्या आकड्याबद्दल मला तुला काहीतरी सांगायचं होतं. आठ महिने आज सांगीन, उद्या सांगीन करत राहिले. आता सांगायलेय, अन् समोर नुसती गाडी.

गावाला वाटायचं, तुला वेगाचं वेड हाय. निम्म्या भालकी तालुक्याला तसंच वाटायचं, अन् लग्नानंतर दोन वर्षं तुझ्या रेणुकाला बी तसंच वाटलं. मला ठावं होतं, वेगाचं तुला काही पडलेलं न्हाई. तुझा जीव अडकला होता सुटण्याच्या त्या एका घडीत. सरळ पट्टी, शेजारी शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं, एवढाच तो खेळ. तू म्हणायचास, "अक्का, ही शर्यत पहिल्या साठ फुटांतच संपती. इंजिन कितीबी मोठं आण, मागच्या चाकांनी जमीन धरली न्हाई तर सगळी ताकद धुरात जाती. लोक धूर बघून टाळ्या वाजवतेत. धूर म्हंजे हरणं हाय."

अन् मॅडम तर धूरच काढायची. बंद पडलेल्या गूळ अड्ड्याच्या मागं सिमेंटचा लांब पट्टा होता, मालकानं तुला रविवारी वापरायला दिलता. पहिल्या रविवारी तू क्लच सोडलास अन् एकच चाक गरागरा फिरलं, दुसरं ढिम्म. मी म्हणलं, मोडली. तू म्हणलास, मोडली न्हाई, चिखलात उसाचा ट्रॅक्टर फसला की बघ, एकच चाक फिरत बसतं, ताकद नेहमी सोप्या वाटेनं जाती. मग मागच्या डिफरन्शियलचे दात वेल्ड करून दोन्ही चाकं एकात बांधलीस. तवा दोन्ही फिरायला लागली, अन् मागचा सगळा अ‍ॅक्सल उड्या मारायला लागला. समोरच्या लेथवरचे इस्माईलभाई बघायला आलते. ते म्हणले, "मल्लू, ये गाडी नै रे, बकरी है." दोन महिने तू अन् ते त्या बकरीच्या मागं लागलात. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा पुढचा अर्धा भाग क्लिपा मारून आवळलात, खाली लोखंडी पट्टी लावली, पट्टीच्या टोकाला उसाच्या ट्रॉलीच्या टायराचा तुकडा कापून ठोकला. उड्या थांबल्या. त्या दिवशी तू इस्माईलभाईंच्या घरी जेवलास, अन् अव्वानं लेकासाठी म्हणून केलेल्या भाकरी मी एकटीनं खाल्ल्या.

आपलं भांडण सुरू झालं ते वाळूच्या पोत्यांवरून. मी सांगितलं होतं की वजन वाढलं की घर्षण वाढतं, नववीतल्या पोराला बी ठावं हाय, डिकीत दोन पोती टाक. तू ऐकलास, कारण त्या वेळी तू माझं सगळं ऐकायचास. पोती टाकली. धूर थोडा कमी झाला, अन् गाडी गाभण म्हशीवाणी निघाली. वेळ उलट वाढली. पोती उतरवलीस, खिळखिळं होईपर्यंत पुढचं सस्पेन्शन सैल केलंस, बॅटरी पुढून काढून डिकीत उजव्या कोपऱ्यात बसवलीस. मी विचारलं, उजव्याच कोपऱ्यात कामून? तर म्हणलास, सुटताना इंजिनाच्या पिळानं उजवं मागचं चाक हलकं पडतं. अन् मग ते वाक्य, जे मी वहीत लिहून ठेवलंय: "वजन गाडीतच हाय की गं, अक्का. सुटताना ते आपणहून मागं येतं. आपण नुसतं येऊ द्यायचं." हे तुला कुणी शिकवलं असं विचारलं, तर तू रस्त्याकडं बोट केलंस. उसाची दुहेरी ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढावर नाक वर करून चालला होता, अन् एक माणूस बॉनेटवर बसून त्याला खाली दाबत होता. ते बघत बघत आपण दोघं लहानाचे मोठे झालो. मी त्यातनं काही शिकले न्हाई, बी.एस्सी. करून बी.

टायराचं तर विचारूच नको. तू मागच्या टायरातली हवा कमी करून अठरावर आणलीस, म्हणलास, जास्त रबर जमिनीला लागलं पाहिजे. मी म्हणलं, घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, पुस्तक उघडून बघ. अन् गुणांक एकाच्या वर जात न्हाई, म्हंजे जेवढं वजन तेवढ्याहून जास्त पकड मिळायची न्हाई, कितीबी आपट. तू म्हणलास, "पुस्तकात लाकडाचा ठोकळा असतो अक्का, माझ्याकडं रबर हाय." तिथं मी तुला मूर्ख म्हणलं. चारचौघांत म्हणलं.

तिसऱ्या दिवशी तू माझ्या वर्गात येऊन उभा राहिलास. हात काळे, शर्टाला ग्रीस, पिशवीत कुणाकडून तरी मिळवलेल्या शर्यतीच्या मऊ टायराचा वीतभर तुकडा. नववीची पोरं खूश. तू मला "परवानगी हाय का, मॅडम?" असं विचारलंस, अन् वर्ग हसला. रबर उन्हात तापवून आणलेलं होतं. वर वजन ठेवलंस, माझाच ताणकाटा लावलास अन् ओढलास. काटा वजनाच्या पुढं गेला. मी म्हणलं, तू झटका दिलास. स्वतः ओढलं, तीनदा ओढलं. तिन्ही वेळा काटा पुढं. मी पोरांना सांगितलं की काटा बिघडलाय, अन् पुढचा धडा घेतला. काटा बिघडला नव्हता, मल्लू. तू बरोबर होतास. त्या दिवसापासून मी त्या धड्याशी आले की रबराचं वेगळं सांगते, दरवर्षी सांगते. तुला मात्र सांगितलं न्हाई. तू बी पुन्हा विचारलं न्हाईस, जाताना नुसती माझ्या स्कूटीची हवा बघून गेलास.

आता मळीचं सांगते, म्हंजे आकड्याचं.

मागच्या गाळपाच्या शेवटी, मार्चमध्ये, तू एका पायात चप्पल घालून घरी आलास. रेणुकाला वाटलं कुठंतरी मारामारी झाली. तू दारातनंच ओरडलास, "चप्पल चिकटली!" साखर कारखान्याच्या गेटापाशी मळीचा टँकर गळत होता, सांडलेली मळी उन्हानं आटली होती, अन् तुझी चप्पल त्यात राहिली. दुसरं कुणी असतं तर चप्पल उपटून आणली असती. तू ती तशीच सोडून बोटांनी मळी दाबत अर्धा तास बसला होतास, हे मागून वॉचमननं सांगितलं.

रविवारी तू एक कॅन मळी आणलीस. गरम पाण्यात पातळ केलीस अन् खराट्यानं सिमेंटवर सारवलीस, दोन चाकांच्या दोन पट्ट्या, साठ फूट. मी म्हणलं, ओली असली तर घसरंल, वाळली तर काच होईल, आपल्याकडचं ऊन काय सांगावं. तू म्हणलास, "मधी एक घडी असती, अक्का. तेवढ्यात सुटायचं." दर पाच मिनिटांनी बोट टेकवून बघायचास. दुपारी एकच्या सुमारास बोट उचललंस तशी बारीक तार आली. तू लगेच गाडीत बसलास.

मी साठ फुटांच्या खडूच्या रेघेपाशी उभी. हातात शाळेचं स्टॉपवॉच. चाक हललं की दाबायचं, पुढचं चाक रेघेवर आलं की परत दाबायचं. तोवर शंभर वेळा तरी केलं असंल. सगळ्यात चांगली वेळ दोन पॉइंट नऊ सेकंद.

तू क्लच सोडलास. मी पहिली कळ दाबली, ते नक्की. अन् मग आवाजच आला न्हाई, मल्लू. दरवेळी कान फाटायचे, टायरं किंचाळायची, धूर व्हायचा. त्या दिवशी नुसतं इंजिन गुरगुरलं. गाडी मागं बसली, नाक वर उचललं, वजन मागं आलं, तू म्हणायचास तसं आपणहून आलं, अन् ती निघाली. चाक एकदा बी घसरलं न्हाई. माझ्या समोरून गेली तवा काचेतनं तुझं तोंड दिसलं. तू हसत नव्हतास, घाबरल्यासारखा दिसत होतास. मी बघतच राहिले.

भानावर आले तवा घड्याळ चालूच होतं. अकरा सेकंद, बारा सेकंद. मी रेघेवर कळ दाबलीच नव्हती.

तू पळत आलास. गाडी पार तिकडं सोडून, दार उघडं टाकून. "किती? अक्का, किती?"

पोरांच्या प्रयोगवहीत खोटी निरीक्षणं सापडली की मी लाल पेनानं आडवी रेघ मारते. 'मोजलं नाही असं लिहा, बनवू नका,' हे माझं वर्गातलं ठरलेलं वाक्य, त्यावरून पोरं माझी नक्कल करतात. तुला बी मी त्यावरून कितीदा झापलंय. तुझ्यासमोर मी कसं म्हणू की माझं राहिलं. इतकी वर्षं तुला शिकवणारी मी, एक कळ दाबायची होती. तोंडातनं निघून गेलं, "दोन पॉइंट तीन."

तू तिथंच सिमेंटवर बसलास. मळीत. पँट चिकटली तर उठता येईना, मी अन् इस्माईलभाईंनी ओढून काढलं. पार हसून हसून रडलास. परत एकदा करू म्हणून मी लगेच पाठीमागं लागले, खरी वेळ मिळंल म्हणून, पण पट्टी चाकांनी उचलून नेली होती, दुसऱ्या खेपेला नुसता धूर निघाला. संध्याकाळी तू भिंतीवर २.३ लिहून गोल काढलास. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर साठ फुटांच्या दोन्ही पट्ट्यांवर मुंग्यांची रांग लागलेली, अन् कुणाची तरी म्हैस पट्टी चाटायली. तू म्हणलास, "ही बी मॅडमच्या मागं लागली." मी हसले. त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. तवा सांगितलं असतं तर दोघं बी हसलो असतो, असं आता वाटतं. आता काय, कायबी वाटतं.

पुढचं तुला ठावं हाय, तरी लिहिते, कारण माझ्या बाजूनं तुला ठावं न्हाई. हैदराबादकडच्या धावपट्टीवर स्पर्धा होती, तू चार वर्षं तिचं नाव घेत होतास. यंदा मॅडम तयार होती. तू म्हणलास, "आधी परत एकदा दोन पॉइंट तीन आणतो, मग जातो. एकदा आलेलं काय, नशिबानं बी येतं." एप्रिलात ऊन कडक, मळी मिनिटात वाळायची. जूननंतर हवेत ओल, ती वाळायचीच न्हाई. दोन पॉइंट सात आलं. एकदा दोन पॉइंट सहा आलं, ते मी नीट मोजलं होतं, अगदी श्वास रोखून मोजलं होतं. दुसरा कुणी असता तर दोन पॉइंट सहावर पेढे वाटले असते. तू भिंतीकडं बघितलंस अन् खाली मान घालून हवा चेक करायला लागलास. स्पर्धा होऊन गेली. परत एक झाली, ती बी गेली.

अन् मग तू स्वतःवर शंका घ्यायला लागलास. ते मला बघवत नव्हतं. "गाडीत हाय ते, अक्का. तू मोजलंयस. म्हंजे माझ्याच पायात न्हाई आता." क्लचवर तुझा डावा पाय थरथरतो म्हणायचास. कुठं थरथरत होता? गाणगापूरला जाणाऱ्या लातूर-उदगीरच्या गाड्या तुझ्याकडं थांबायच्या, लोक तुझं नाव विचारत यायचे, त्यांना तू दुसऱ्या गॅरेजकडं पाठवायला लागलास. रेणुका एकदा शाळेत आली, सुट्टीच्या वेळी, डोळे सुजलेले. म्हणली, "अक्का, तुमचंच ऐकतेत ते. तुमी सांगा, सोडा म्हणून." मी तिला म्हणलं, सांगते. तिला बी खरं सांगितलं न्हाई.

शेवटच्या दुपारी मी त्यासाठीच आले होते. शपथ घेऊन सांगते, मल्लू, शाळेतनं निघताना वाक्य जुळवलं होतं: 'त्या दिवशी मी कळ दाबली न्हाई.' तू टायरापाशी बसला होतास. हवा अठरावर आणून ठेवायलास. गाळप सुरू झालं होतं, ताजी मळी मिळणार म्हणून तोंडावर जरा जीव आलता. मी म्हणलं, "मल्लू, त्या आकड्याचं ऐक." तू म्हणलास, "तेच म्हणायलो, अक्का. लोक म्हणतेत, हातानं मोजलेलं, काय भरवसा. मी सांगितलं, माझी अक्का हाय ती. तिचं मोजलेलं चुकत न्हाई."

झालं. जुळवलेलं वाक्य राहून गेलं. अन् जे बोलले ते भलतंच बोलले. दारात तुझी मोटारसायकल उभी होती, तिचं मागचं टायर पार गोटा झालतं, त्यावरून सुरू केलं. म्हणलं, मॅडमला मऊ टायर अन् स्वतः गोट्यावर फिरायलास, अक्कल हाय का? आधी ते बदल. तू म्हणलास, बदलतो, हे एक झालं की. मग मी म्हणलं, "हे न्हाई व्हायचं. विकून टाक गाडी. तुझ्यानं न्हाई व्हायचं, मल्लू."

तू वर बघितलंस. रागावला न्हाईस. समजूत काढल्यासारखं म्हणलास, "एकदा झालंय की गं."

ते तुझं शेवटचं बोलणं, माझ्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तू कॅन बांधून मळी आणायला निघालास. कारखान्याच्या अलीकडं शेतातनं उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर चढतात, त्यांच्या चाकांचा काळा चिखल अन् पाचट तिथं पसरलेलं असतं, वर दव पडलं होतं. तू हळूच चालला होतास म्हणे, मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं. वळणावर मागचं चाक घसरलं, नुसतं बाजूला गेलं. त्या माणसाला वाटलं, उठंल. कॅन लांब जाऊन पडला होता, रिकामा.

मला सगळे म्हणतेत, रस्ता खराब होता, टायर खराब होतं, वेळ आलती. मी मान हलवते. तू तिथं कामून गेलतास, ते मला एकटीला ठावं हाय. तू मी बनवलेला आकडा आणायला गेलतास.

तुला आपल्या शेतात खड्ड्यात बसवलं, आपल्या लिंगायतांत बसवतात तसं. विभूती लावली, बेलाची पानं ठेवली, मठाच्या अय्यांनी मंत्र म्हणले. मान राहीना. डावीकडं कलंडायची, अय्या सरळ करायचे, परत कलंडायची. शेवटी मागं कापड गुंडाळून टेकवली. अव्वानं खाली उतरून तुझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली, अन् तिला वर यायला हात द्यावा लागला. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. त्या हातात तुझ्या गियर असायचा, मला तोच आठवला, अन् आपल्याला असं कसं आठवतंय म्हणून माझीच मला लाज वाटली. माती पडायला लागली तवा मी मोठ्यानं सांगणार होते. माणसं होती. अव्वा होती. न्हाई सांगितलं.

लोक म्हणतेत, मरणारा सगळं जाणतो. मला न्हाई पटत. तू जाणलं न्हाईस. तू माझ्यावर भरवसा ठेवूनच गेलास, अन् त्याचं आता काही करता येत न्हाई. इस्माईलभाईंना परवा सांगितलं, पहिल्यांदाच कुणालातरी. ते म्हणले, "अक्का, त्या दिवशी गाडी सुटली ना? सुटली. मी बघितलो." व्हय, सुटली. कदाचित दोन पॉइंट तीनच असंल. कदाचित दोन पॉइंट पाच असंल, अन् तुझं दोन पॉइंट सहा त्याला टेकलंच होतं. कदाचित दोन पॉइंट एक असंल अन् तुझी खरी पाठ थोपटायची राहून गेली असंल. ते आता कुणालाच कळणार न्हाई. घड्याळ माझ्या हातात होतं.

आता टायराचं. तू अठरा हवा ठेवून गेलास. मातीच्या दुसऱ्या दिवशी, घरात माणसं भरलेली, मी इथं येऊन बसले. तुझं हवा मोजायचं गेज दिसलं. मनात आलं, ह्या टायरात तू भरलेली हवा हाय, तेवढी तरी जपू. आता तरी मी खरं मोजीन. रोज सकाळ-संध्याकाळ मोजायला लागले. शाळेत शिकवते तसं, मागच्या दोन्ही टायरांची तीन-तीन वाचनं घ्यायची अन् सरासरी काढायची, ती तुझ्या गोलाखाली खडूनं लिहायची, तारीखवार. अठरा. साडेसतरा. सतरा. रोज थोडी उतरायली. मी घाबरले. वाल्वला थुंकी लावून बघितली, साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा न्हाई. पंक्चर कुठं हाय ते सापडंना, अन् मी दिवसात दोनाच्या जागी चारदा मोजायला लागले.

काल आकडा तेराला आला. मी इस्माईलभाईंना हाताला धरून आणलं. त्यांनी भिंतीवरचं सगळं वाचलं, खालपासून वरपर्यंत. मग माझ्या हातातलं गेज घेतलं अन् वाल्ववर टेकवलं. फुस्स झालं. ते म्हणले, "अक्का, पंक्चर नक्को ढुंडो. पंक्चर असतं तर एकच उतरलं असतं, दोन्ही टायरं सारखी कशी उतरतील? गेज लावलं की दर खेपेला थोडी हवा जातीच. तुमीच काढायलाव."

मी विज्ञान शिकवते, मल्लू. बावीस वर्षं शिकवते.

रविवारी हैदराबादची माणसं गाडी न्यायला येतील. रेणुकानं द्यायची ठरवलीय, तिचं बरोबर हाय, ती रोज दार उघडलं की हिलाच बघती. लोटून ट्रकवर चढवायची तर टायरात हवा भरावी लागंल, इस्माईलभाई पंप आणणार हायेत. तुझी तेरा उरलीय, तिच्यात ती मिसळंल, मग कुठली कुणाची ते सांगता यायचं न्हाई.

आज सकाळी गेज घेऊन टायरापाशी वाकले, अन् तशीच उठले. गेज तुझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवलं. भिंतीवर आजच्या तारखेपुढची जागा मोकळी होती. तिथं खडूनं लिहिलं, 'मोजलं न्हाई'. मग हात वर करून तुझ्या त्या गोलाच्या शेजारी बी तेच दोन शब्द लिहिले.